धान्याच्या कोठीचा कोळशाचा स्मोकर

स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात अन्न शिजवायचं यंत्र, करायचा म्हटलं की पहिला विचार येतो दोनशे लिटरच्या ड्रमचा. मुंबईत तो विचार सोडून द्यावा. एक तर तो लिफ्टमध्ये जात नाही. दुसरं म्हणजे चार माणसांच्या जेवणासाठी एवढा ड्रम तापवण्यात निम्मा कोळसा वाया जातो. आणि धारावीत किंवा कुर्ल्याला मिळणाऱ्या जुन्या ड्रममध्ये आधी काय भरलं होतं हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आतल्या रंगाचा थर जाळून काढता येतो, पण केमिकलचा ड्रम खाण्याच्या कामी घेऊच नये.

तेलाचा पंधरा किलोचा डबा स्वस्त पडतो, पण त्याचा पत्रा कागदासारखा पातळ आणि वर कथिलाचा मुलामा. कथिल २३२ अंशांना वितळतं आणि कोळशाशेजारचा पत्रा त्याच्या कितीतरी वर जातो. मुलामा गेला की मुंबईच्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात डब्याची चाळण होते. गॅल्व्हनाइज्ड पिंप तर नकोच. त्याच्यावरचं जस्त आगीजवळ तापलं की त्याचा धूर होतो, आणि तो छातीत गेला की तापासारखं आजारपण येतं.

उरते ती स्टीलची धान्याची कोठी. आतून साधारण ३५ सेंटीमीटर व्यासाची आणि ५० सेंटीमीटर उंच. घरात जुनी पडून असेल तर उत्तम, नाहीतर तांबाकाटा किंवा भुलेश्वरच्या भांड्यांच्या दुकानात वजनावर मिळते. झाकण वरून टोपीसारखं बसणारं हवं, आत रुतणारं नको. खरेदीला जाताना चुंबक खिशात ठेवा. नेहमीच्या भांड्यांच्या स्टीलला ते चिकटत नाही किंवा जेमतेम चिकटतं. घट्ट चिकटलं तर पत्रा नीट पाहा: जस्ताची फुलं, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरची नक्षी, दिसत असतील तर कोठी तिथंच ठेवून निघायचं. स्टीलचा एक प्रकार चुंबकाला धरतो, त्यामुळे नुसत्या चुंबकावर निकाल देऊ नका.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. या यंत्रात तापमान ठरतं ते आत शिरणाऱ्या हवेवर. कोळसा किती भरला याने फक्त तो किती वेळ जळेल हे ठरतं. त्यामुळे सगळी मेहनत भोकं, झडपा आणि झाकणाच्या फटी यांवर घालायची. बाकीचं काम एका दुपारचं आहे.

सामान

नट-बोल्ट, जाळ्या आणि पट्ट्या नागदेवीला एका फेरीत मिळतात. यादी अशी:

- एम-६ चे (६ मिलिमीटर जाडीचे) स्टीलचे बोल्ट: ६० मिलिमीटर लांबीचे तीन, २५ मिलिमीटरचे तीन. प्रत्येकाला दोन नट, दोन वायसर
- झडपांसाठी एम-५ चे चार बोल्ट, स्प्रिंग वायसरसकट
- १ मिलिमीटर जाडीची स्टीलची पट्टी, ४० मिलिमीटर रुंद, अर्धा मीटर
- कोळशाच्या टोपलीसाठी लोखंडाची एक्स्पांडेड (पत्रा चिरून ताणलेली) जाळी, १०-१२ मिलिमीटर भोकाची: ६५ × १४ सेंटीमीटरचा एक तुकडा आणि २० सेंटीमीटरची एक चकती
- ३३ सेंटीमीटर व्यासाची गोल स्टीलची जाळी, अन्न ठेवायला
- २८ सेंटीमीटरची, ५ सेंटीमीटर खोल स्टीलची परात, पाणी ठेवायला
- ३०० अंशांपर्यंतचा काट्याचा थर्मामीटर, मागे दांडा असलेला
- भट्टीच्या दाराला लावतात ती काचतंतूची दोरी, सव्वा मीटर
- बारीक वाळू, दोन किलो

पिवळा किंवा चकचकीत पांढरा मुलामा दिलेले बोल्ट दुकानदार हमखास पुढे करतो. कोठीच्या आत ते नकोत, कारण तो मुलामाही बहुतेक वेळा जस्ताचाच असतो. साधे लोखंडी चालतील, फक्त गंजतील.

भोकं पाडताना

स्टील वेगाने ड्रिल केलं तर कापलं जाण्याऐवजी कडक होतं. भोकाची जागा निळसर पडली, ड्रिल नुसतं घासून किंचाळायला लागलं की समजायचं, ती जागा हातची गेली. शेजारी नवीन भोक पाडलेलं बरं. म्हणून कोबाल्टचं बिट, अगदी कमी वेग, भरपूर दाब आणि प्रत्येक भोकावर दोन थेंब तेल. आधी पंचने खूण करा, नाहीतर बिट गोल पत्र्यावरून घसरतं आणि लांब ओरखडा उठतो. पत्रा पातळ असल्यामुळे आतून लाकडाचा ठोकळा धरणं सक्तीचं. त्याशिवाय शेवटच्या क्षणी बिट अडकतं आणि कोठीच गरकन फिरते. मोठ्या भोकांसाठी स्टेप ड्रिल, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचं निमुळतं बिट, वापरा. डोळ्यांना चष्मा हवाच, पण ड्रिल चालू असताना हातमोजे नकोत, बिटमध्ये अडकतात. मोजे घालायचे ते नंतर, कानस मारताना.

मापं अशी, सगळी तळापासून:

हवा आत घेणारी तीन भोकं, प्रत्येकी १६ मिलिमीटरची, साडेचार सेंटीमीटर उंचीवर आणि एकमेकांपासून सारख्या अंतरावर. परातीचे तीन बोल्ट २८ सेंटीमीटरवर, इथे ६० चे. जाळीचे तीन बोल्ट ४२ सेंटीमीटरवर, इथे २५ चे. थर्मामीटरचं भोक ४३ सेंटीमीटरवर, म्हणजे दांडा जाळीला न टेकता तिच्या जरा वर राहील. झाकणावर मध्यापासून थोडं बाजूला ३२ मिलिमीटरचं एक भोक.

खालच्या तीन भोकांचं क्षेत्रफळ मिळून साधारण ६०० चौरस मिलिमीटर, वरच्याचं ८०० च्या आसपास. बाहेरची वाट आतल्यापेक्षा मोठी ठेवायची, हे गणित बदलू नका. उलटं केलं तर धूर आत कोंडतो, झाकणाच्या आतल्या बाजूला काळसर थेंब धरतात आणि ते अन्नावर पडतात. त्या थेंबांची कडू चव कशानेही जात नाही.

बोल्ट बसवताना एक नट आतून, एक बाहेरून. बोल्ट आत किती येतो ते मोजून पाहा: ६० चा बोल्ट आत साडेपाच सेंटीमीटर आला की मधे २४ सेंटीमीटरची जागा उरते. त्यातून २० सेंटीमीटरची टोपली खाली उतरते आणि २८ ची परात अडकून राहते. बोल्ट ७५ चे आणले की जागा २१ सेंटीमीटरच उरते आणि टोपली अडकते, आणि हे सगळं आवळून झाल्यावर लक्षात येतं.

झडपा म्हणजे पट्टीचे सहा सेंटीमीटरचे तुकडे, एका कोपऱ्यात बोल्ट आणि मागे स्प्रिंग वायसर. बोटाने सरकली पाहिजे, पण आपोआप खाली घसरता कामा नये. गोल कोठीवर सपाट पट्टी बसवली तर दोन्ही बाजूंना फट राहते, म्हणून तुकडा आधी कोठीवरच ठेवून लाकडी हातोडीने तिच्या गोलाईत आणा. झाकणावरच्या झडपेला चौथा बोल्ट. पुष्कळ जण झडपेऐवजी चुंबकाचा तुकडा चिकटवतात. इथे एक तर स्टीलला चुंबक धरत नाही, आणि साधं निओडिमियमचं चुंबक ८० अंशांच्या पुढे गेलं की जोर गमावतं.

टोपली

जाळीचा ६५ सेंटीमीटरचा तुकडा गोल वळवा, दोन सेंटीमीटर एकावर एक चढवून स्टीलच्या तारेने शिवा, खाली चकती बांधा. तीन पाय लावा, पाच सेंटीमीटर उंच. उरलेल्या पट्टीचे वाकवून चालतील. वरून तारेची पडणारी कडी हवी. टोपलीत साधारण किलोभर कोळसा मावतो.

कोठीच्या तळात दोन सेंटीमीटर वाळू पसरा. तळ पातळ असतो, वाळू त्याला वाचवते. हवेची भोकं वाळूच्या वर आणि टोपलीच्या तळाखाली आली पाहिजेत. तशी येत नसतील तर वाळू कमी करा, भोकं वर नेऊ नका. हवा खालून शिरून कोळशातून वर गेली पाहिजे.

पहिली आच आणि फटी शोधणं

अन्न ठेवण्याआधी कोठी दोन तास रिकामी तापवा, दीडशे अंशांच्या वर. कारखान्याचं तेल आणि चिकटपट्टीचा डिंक जळून जाऊ दे. थर्मामीटर त्याआधी उकळत्या पाण्यात धरून पाहायचा. मुंबई समुद्रसपाटीला असल्यामुळे तो १०० दाखवायला हवा. ९२ दाखवत असेल तर मागचा नट फिरवून जुळवा, किंवा आठचा फरक झाकणावर खडूने लिहून ठेवा.

याच वेळी ओल्या लाकडाचा एक तुकडा टाकून धूर करा आणि वरची झडप मिनिटभर बंद ठेवा. धूर जिथून निसटेल तिथे फट आहे. बहुतेक वेळा तो झाकणाच्या कडेने आणि कडीच्या रिबिटांजवळून येतो. झाकणाच्या आतल्या कडेला काचतंतूची दोरी उष्णतेच्या सिलिकॉनने चिकटवा. हे लाल सिलिकॉन साधारण २५०-३०० अंश सोसतं, म्हणून फक्त झाकणाला आणि वरच्या बोल्टांना. कोळशाच्या पातळीवर लावलं तर जळून घाण वास येतो. तिथल्या बोल्टांना वायसर घट्ट आवळणं पुरतं. थर्मामीटरच्या भोकाकडे दुर्लक्ष होतं. तिथे दोन्ही बाजूंना नट हवा.

फट राहिली तर? सगळ्या झडपा बंद करूनही काटा १४० वर चढत राहतो. बंद केल्यावर अर्ध्या तासात तापमान ठळकपणे उतरलं नाही, तर काम संपलेलं नाही.

कोळसा आणि लाकूड

लाकडाच्या वखारीत मिळणारा लाकडी कोळसाच घ्या, अंड्याएवढे तुकडे. दगडी कोळशात गंधक असतं, त्याला हातही लावू नका. नारळाच्या करवंटीचे दाबून केलेले ठोकळे एकसारखे आणि सावकाश जळतात, राखही कमी. फक्त 'झटपट पेटणारे' असं लिहिलेले टाळा, त्यांत पेटवण्याचं रसायन असतं. पावसाळ्यात पोत्यातला कोळसा ओल धरतो. पेटताना तडतडत असेल तर तो आदल्या दिवशी उन्हात, ऊन नसेल तर पंख्याखाली पसरा. पोत्याच्या तळाशी उरलेली भुकटी टोपलीत ओतायची नाही. ती फटी बुजवते, आणि विस्तव मधेच विझण्याचं हेच नेहमीचं कारण.

धुरासाठी आंबा, पेरू, चिकू, जांभूळ, चिंच, बाभूळ. पालिका झाडांची छाटणी करते तेव्हा फांद्या रस्त्याकडेला पडलेल्या असतात. त्यातलं लाकूड आणलंत तर झाड ओळखून आणा आणि निदान सहा महिने वाळवा. आंब्याची साल काढून टाका, तिचा चीक काही जणांच्या अंगावर उठतो. कण्हेर विषारी, तिचा धूरसुद्धा. निलगिरी, देवदार आणि बंदरावरच्या खोक्यांच्या फळ्या नकोत. प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूड तर अजिबात नको. सुकी करवंटी तशीच टाकली तर ज्वाळा धरते आणि काजळी करते. नारळ हवाच असेल तर करवंटीचा कोळसा घ्या.

एका वेळेला दीडशे-दोनशे ग्रॅम लाकूड पुरतं, मुठीएवढे दोन-तीन तुकडे. भिजवायचे नाहीत. भिजवलेल्या लाकडातून आधी वाफ निघते, आपण तिला धूर समजतो, आणि विस्तव मात्र थंड होतो.

चालवणं

टोपलीत न पेटलेला कोळसा भरा, मधे हाताने खळगा करा, लाकडाचे तुकडे कोळशात अर्धवट पुरा. आठ-दहा कोळसे वेगळे गॅसच्या शेगडीवर किंवा डब्याच्या धुराड्यात पूर्ण लाल करून त्या खळग्यात ठेवा. रॉकेल नको, त्याचा वास कोठीत मुरतो. सगळा कोळसा आधीच पेटवला तर काटा दोनशेच्या वर जाऊन बसतो आणि मग झडपांशी झटापट करावी लागते. मधून पेटलेला विस्तव कडेकडे सरकत जातो आणि किलोभर कोळसा १२० अंशांवर चारेक तास पुरतो.

परात ठेवा, तिच्यात दोन लिटर गरम पाणी. थंड पाणी ओतलं तर तेच तापवण्यात अर्धा तास जातो. पाणी उष्णता थोपवतं आणि ठिबकणारी चरबी कोळशावर पडू देत नाही. ते आटलं की काटा अचानक वीस-तीस अंश उसळतो, तेव्हा दर दीड तासाने पाहा. कोरडी उष्णता हवी असेल, उदाहरणार्थ कोंबडीची कातडी जरा कडक व्हायला, तर पाण्याऐवजी परातीत वाळू भरून वर फॉइल लावा.

सुरुवातीला खालच्या तिन्ही झडपा उघड्या, वरची पूर्ण उघडी. काटा १०५ ला आला की खालच्या दोन बंद, तिसरी अर्धी. हव्या त्या तापमानाच्या पंधरा अंश आधीच आवळायला लागा, कारण कोठी झडपेला पंधरा-वीस मिनिटं उशिरा उत्तर देते. बदल लहान करा आणि थांबा. वरची झडप निम्म्याच्या खाली कधीच नको, ताबा खालूनच ठेवायचा. झाकण उघडलं की कोळशाला हवा मिळते. म्हणून उघडण्याआधी खालची झडप बंद, काम उरकल्यावर पुन्हा पूर्वीसारखी.

अन्न कधी ठेवायचं हे धूर सांगतो. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्यात ठेवलेलं सगळं कडू होणार. वीस-पंचवीस मिनिटांत तो विरळ, निळसर, जेमतेम दिसणारा होतो. तेव्हा जाळी भरा.

पहिल्यांदा कोंबडीच्या तंगड्या करा, त्या चुका पोटात घालतात. १२५ अंशांवर दीड ते दोन तास, हाडाजवळ ७४ अंश तरी झालेच पाहिजेत, तंगडीला ८० च्या पुढे जास्त चांगले. कातडी रबरासारखी राहते, म्हणून शेवटी तापलेल्या तव्यावर दोन मिनिटं दाबा.

बांगड्याला वेगळी तयारी लागते. ताजा, बर्फातला घ्या. बाहेर राहिलेल्या बांगड्यात तयार होणारं हिस्टामिन शिजवूनही जात नाही. साफ करून एक लिटर पाण्यात ७० ग्रॅम मीठ आणि ३० ग्रॅम गूळ विरघळवून त्यात तासभर ठेवा, धुवा, पुसा. मग फ्रिजमध्ये जाळीवर उघडा, चार-पाच तास, कातडी हाताला चिकटसर कोरडी लागेपर्यंत. मुंबईच्या दमट हवेत पंख्याखाली हे होत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. ओल्या कातडीवर धूर धरत नाही, काळे डाग तेवढे पडतात. १०० अंशांवर तासाभरात होतो, पण घड्याळावर विसंबू नका. आतला भाग ६५ च्या पुढे गेला का ते टोचून पाहा. बोंबील यात घालू नका, जाळीतून गळून जातो. आणि साठ अंशांखालचं थंड धुरावणं या कोठीत करायचं नाही. ते दुसरं शास्त्र आहे आणि चुकलं की विषबाधा ठरलेली.

कुठे ठेवायची

घरात नाही, सरकत्या काचांच्या बाल्कनीत नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही. धूर बंद झाला म्हणून तो थांबत नाही. गच्ची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि हॉटेलांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जाण्याचे आदेश दिले. तो विषय धंद्याचा, तुमच्या कोठीचा नव्हे, पण शेजारी तो दाखला देणारच.

कोठी सरळ गच्चीवर ठेवू नका, वॉटरप्रूफिंगचा थर उष्णतेने खराब होतो. तीन विटा आडव्या, वर कोठी, खाली हवा खेळू द्या. कडप्प्याची लादी नको, तापून तिचे टवके उडतात. प्लास्टिकच्या टाक्या, सोलर आणि वाळत घातलेले कपडे यांपासून तीन मीटर लांब. दुपारनंतर समुद्राचा वारा वाढतो आणि तो सरळ भोकांत शिरला तर झडपा असून नसल्यासारख्या होतात. सकाळी सुरू करा, किंवा पश्चिमेला पत्र्याचा आडोसा उभा करा.

पंख्याची जोड

दोन-चार वेळा हाताने चालवल्यावरच याकडे वळा. लॅमिंग्टन रोडवर १२ व्होल्टचा ५० मिलिमीटरचा ब्लोअर, के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि त्यावरून पंखा आपोआप चालू-बंद करणारा, आरईएक्स-सी१०० सारखा पीआयडी कंट्रोलर मिळतो. ब्लोअर कोठीला थेट लावला तर वितळतो, म्हणून मधे १५ सेंटीमीटर लोखंडी नळी हवी. ती एका भोकात घट्ट बसवा, उरलेली दोन पूर्ण बंद. ब्लोअरच्या तोंडावर झडप ठेवून एक तृतीयांशच उघडा. पूर्ण उघडला तर राख उडून अन्नावर बसते.

घोटाळा होतो तो जोडणीत. कंट्रोलरचं आउटपुट एसएसआरसाठी (हलते भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे की रिले (आतला यांत्रिक स्विच), हे लेबलवर पाहून घ्या. एसएसआर म्हणून दुकानदार जो देतो तो बहुधा एसीचा असतो. त्यावर डीसी पंखा लावला तर एकदा सुरू झालेला बंदच होत नाही. डीसीचा एसएसआर किंवा मॉस्फेटचं (डीसी चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) तयार मॉड्यूल मागा. रिले आउटपुट असेल तर पंखा सरळ त्यावर चालतो, सेटिंगमधला चालू-बंदचा अवधी वीस सेकंदांच्या वर ठेवला की झालं. थर्मोकपलचं टोक जाळीच्या पातळीवर, मांसापासून पाच सेंटीमीटर लांब. चिकटलं तर तो मांसाचं थंड तापमान वाचतो आणि पंखा थांबायचं नाव घेत नाही. २३० व्होल्टचा भाग प्लास्टिकच्या बंद डब्यात, आणि गच्चीवरचा प्लग अर्थिंगवाला.

काम झाल्यावर

सगळ्या झडपा बंद करा, तासाभरात विस्तव विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. राख दुसऱ्या दिवशी, पत्र्याच्या बादलीत काढायची. निखारा आत जिवंत असतो, प्लास्टिकची पिशवी पेटते. राख कोठीत ठेवून दिली तर ती दमट हवेतलं पाणी ओढते आणि स्टीललासुद्धा बारीक खड्डे पाडते, त्यामुळे ती तशीच टाकून पावसाळा काढू नका. वाळू बदला, टोपलीला तेलाचा हात फिरवा, जाळी घासा. आतल्या भिंतीवरचा तपकिरी गुळगुळीत थर राहू द्या, फक्त झाकणाखाली पापुद्रे सुटायला लागले की ते खरवडून काढा.